पाईपात दडलेली चार झाडं

लाकडाच्या वाटीत निखारा ठेवला, तर वाटी का जळत नाही?

जुन्या सिनेमातले डॉक्टर, बॅरिस्टर आणि श्रीमंत सासरे पाईप ओढतच पडद्यावर यायचे. परळचं राजकमल, दादरचं रणजित अशा स्टुडिओंच्या जमान्यातली ही माणसं आपण किती वेळा पाहिली, पण हा प्रश्न कधी पडला का? लाकूड साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतं. जळत्या तंबाखूचा निखारा त्याहून बराच गरम असतो. तरीही एकेक पाईप चाळीस-पन्नास वर्षं रोज पेटवला जातो आणि शाबूत राहतो. असं कुठलं लाकूड आहे हे?

त्याचं नाव ब्रायर. एरिका आर्बोरिया नावाचं हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठी कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जीरिया अशा कोरड्या डोंगरउतारांवर वाढतं. तिथे उन्हाळ्यात वणवे लागतात आणि फांद्या, पानं, फुलं सगळं जळून जातं. पण खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे, जमिनीच्या पोटात, या झुडपाची एक घट्ट गाठ असते. वणवा वरून निघून जातो आणि पुढच्या पावसात त्या गाठीतून नवे कोंब फुटतात. पाईप बनतो तो या गाठीपासून. आगीतून जगण्यासाठी झाडाने जमिनीखाली जो साठा केला, तोच माणसाने उकरून काढला आणि त्याच्यात आग ठेवली! गाठ चांगली जाड व्हायला कित्येक दशकं लागतात. मग तिचे ठोकळे तासन्‌तास उकळून आतला कडवट रस काढून टाकतात आणि महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे कसब रुजलं आणि तिथून जगभर गेलं.

आता जुना, काळा पडलेला, उग्र वासाचा एखादा पाईप घ्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि कामाला लागा. तो स्वच्छ करताना एकेक थर उलगडत जातो आणि दर थराखाली निराळं झाड भेटतं.

आधी हातात मोजे घाला आणि खिडकी उघडा. आतलं काळं कीट निव्वळ घाण नव्हे, त्यात निकोटिन आहे आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना चक्कर आणि मळमळ होते ती यामुळेच. हे आपलं दुसरं झाड. तंबाखूचं रोप निकोटिन मुळांत तयार करतं आणि पानांत पाठवतं. कशासाठी? किड्यांसाठी. अळीने पान कुरतडायला सुरुवात केली की रोप निकोटिन वाढवतं आणि ते खाणाऱ्या किड्याच्या मज्जातंतूंवर घाव घालतं. माणसानेही विसाव्या शतकात निकोटिन सल्फेट पिकांवर कीटकनाशक म्हणून फवारलं. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली ही तंबाखू 1604 च्या सुमारास अकबराचा दरबारी असद बेग याने विजापुराहून बादशहाच्या दरबारात नेली. पुढे तिने या देशात किती घरं उद्ध्वस्त केली, ते परळला 1941 पासून उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या फुटपाथवर कुठल्याही सकाळी दिसतं. म्हणून स्पष्टच सांगतो: मी पाईप उजळवतो तो कपाटात ठेवून बघण्यासाठी. ज्या वस्तूच्या आत विष बसलेलं आहे, तिच्या घडणीवर जीव जडू शकतो, ओढण्यावर जडायला नको.

वाटीच्या आत कोळशाचा टणक थर साचलेला असतो. मघाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ब्रायर दाट असतं, त्याच्या आत हवा फारशी शिरत नाही, आणि वर हा थर निखाऱ्याची धग अडवतो. म्हणजे ओढणाऱ्याने नकळत आतून एक अस्तर लावून घेतलेलं असतं. पण अस्तर फार जाड झालं तर घात करतं. तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारखे फुगत नाहीत आणि ओढाताणीत वाटी तडकते. म्हणून हा थर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हळूहळू घासायचा आणि एखाद्या मिलिमीटरवर थांबायचं. चाकू घालू नका, वाटीचा तळ भोसकला जातो.

स्टेम, म्हणजे तोंडात धरायची काळी नळी, वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेली असेल तर जोर लावू नका. पाईप थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा. गारठ्याने नळीचं रबर लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि अडकलेला सांधा फिरवताच सुटतो. आतली वाट साफ करायला लागतात पाईप क्लीनर. हो, मुलं शाळेच्या प्रोजेक्टसाठी ज्यांची फुलं आणि सुरवंट बनवतात, त्याच केसाळ रंगीत तारा! त्यांचं मूळ काम हेच. हस्तकलेच्या दुकानातून आणलेल्या पांढऱ्या तारा स्पिरिटमध्ये बुडवून आतून फिरवायच्या. पहिली तार डांबरासारखी काळी होऊन निघते. तार पांढरी निघेपर्यंत बदलत राहायचं.

तरी वास जात नाही, कारण तो लाकडाच्या छिद्रांत मुरलेला असतो. तिथे ब्रश पोचणार कसा? यावरचा जुना उपाय अफलातून आहे. वाटीत खडेमीठ भरायचं, वाटीला जोडलेल्या लाकडी दांडीचं भोक बंद करायचं, मीठ भिजेल इतकं स्पिरिट थेंबाथेंबाने सोडायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी पांढरं मीठ चहाच्या रंगाचं झालेलं असतं! झालं काय? मीठ पाण्यात विरघळतं, स्पिरिटमध्ये जवळजवळ नाही. म्हणून खडे तसेच राहतात. स्पिरिट लाकडात शिरतं, डांबर विरघळवतं आणि उडून जाण्यासाठी पुन्हा वर येतं. ते उडतं, डांबर मिठावर राहतं. पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला लोणा फुटतो तो अगदी याच वाटेने: पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि आतले क्षार बाहेर सोडतं. मात्र मला विचाराल तर मुंबईत मिठाऐवजी कापूस वापरावा. मिठाचे कण लाकडात राहिले तर इथल्या दमट हवेत ते ओल खेचत राहतात. कापूस तेच काम करतो आणि मागे काही ठेवत नाही. स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत ज्योत जवळ आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता ती नळी, माझ्या मते सगळ्यात मोठं आश्चर्य. बहुतेक जुन्या पाईपांची नळी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असते. हे तिसरं झाड. रबराचा चीक ही अमेझॉनच्या जंगलातल्या झाडाची जखम बुजवण्याची आणि किड्यांची तोंडं चिकटवून टाकण्याची युक्ती. या चिकात गंधक मिसळून तापवलं की रबराच्या लांबच लांब साखळ्यांना एकमेकींशी गाठी बसतात. गंधक थोडं असेल तर टायरसारखं लवचीक रबर होतं, भरपूर असेल तर लाकडासारखं टणक. चार्ल्स गुडइयरचा भाऊ नेल्सन याने 1851 मध्ये या टणक रबराचं पेटंट घेतलं. शाईच्या पेनाची जीभ याचीच बनायची. गिरगाव-लालबागच्या मिरवणुकीतला बँडवाला क्लॅरिनेटचा जो भाग ओठांत धरतो, तोही बहुधा याचाच असतो.

पाईपाची नळी मूळची काळीभोर असते, पण वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा लागली की गंधकाच्या गाठी पृष्ठभागावर उसवतात आणि ती शेवाळी-तपकिरी होते. चवीलाही कडू लागते. उपाय सोपा, पण बराच वेळ खाणारा. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात वॉटर पेपर मिळतात, 400 नंबरपासून 2000 पर्यंत. ओला कागद, ओली नळी, आणि एकाच दिशेने घासणं. पाणी पिवळट होतं, गंधकाचा वास येतो आणि खालून काळा रंग वर येऊ लागतो. दर नवा कागद आधीच्याच्या रेघा पुसून आपल्या बारीक रेघा ठेवतो. मग अखेरीस चकाकी येते कुठून? रेघा नाहीशा होत नाहीत. शेवटी टूथपेस्ट लावून घासलं की त्या इतक्या बारीक होतात की प्रकाश त्यांच्यावर विखुरण्याऐवजी जवळजवळ सरळ परततो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक खरवडीला डोळा गुळगुळीत म्हणतो!

नळीच्या टोकाला दातांचे खड्डे असतात. ते घासून काढायचे नाहीत. पाणी उकळवून नळी थोडा वेळ त्यात धरा आणि बघत राहा. खड्डा वर येतो. आपोआप! गाठींनी बांधलेल्या साखळ्या दातांनी दाबल्या होत्या, तुटल्या नव्हत्या. उष्णतेने त्या सैल होतात आणि कारखान्यात पहिल्यांदा ज्या आकारात घट्ट झाल्या होत्या, तिकडे परत जातात. मुद्दाम वाकवलेली नळी जास्त तापली तर ती सरळ होऊ लागते, इतकी तिची आठवण पक्की असते. म्हणून घाई न करता लक्ष ठेवायचं.

लाकडावर पोचा पडला असेल तर त्यालाही उष्णताच लागते. ओला सुती कपडा पोच्यावर ठेवून इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं. वाफ दबलेल्या तंतूंत शिरते, ते फुगतात आणि लाकूड भरून येतं. तंतू कापले गेले असतील तर मात्र इलाज नाही.

आता लाकूड कोरड्या, बारीक कागदाने हलकेच घासून पुसा आणि वाटी फिरवून बघा. एका बाजूला बारीक उभ्या रेषा, दुसऱ्या बाजूला नुसते ठिपके. हे दोन नमुने नाहीत. तेच तंतू कडेने पाहिले तर रेषा दिसतात, टोकाने पाहिले तर ठिपके.

शेवटचा हात मेणाचा, आणि तिथे चौथं झाड. ईशान्य ब्राझीलच्या रखरखीत भागातला एक ताड आपल्या पानांवर मेणाचा थर चढवतो, पाणी उडू नये म्हणून. पानं तोडून वाळवतात आणि झोडपून हे कार्नौबा मेण मिळवतात. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, हे ऐंशीच्या पुढे. म्हणून ते हातात चिकट होत नाही आणि गोळ्या-चॉकलेटांवरही तेच चकाकतं. कपड्याने थोडंसं लावून जोरात घासायचं.

चौघांचा हिशोब पाहिलात का? गाठ आगीपासून वाचण्यासाठी, निकोटिन किड्यांसाठी, चीक जखमेसाठी, मेण दुष्काळासाठी. चार झाडं, चार शत्रू, चार ढाली, आणि सगळ्या हातात मावणाऱ्या एका वस्तूत.

असा जुना पाईप शोधायचा असेल तर मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जा. पाईप उचलल्यावर दांडीवर कोरलेलं कारखान्याचं नाव वाचा आणि तिथे कधीच कागद फिरवू नका, अक्षरं गेली तर पाईपाची ओळख गेली. चांदीची कडी असेल तर भिंग लावा. नांगराची खूण म्हणजे चांदी बर्मिंगहॅमला तपासली गेली, आणि शेजारच्या अक्षरावरून सालही काढता येतं. वाटी उजेडासमोर धरून चीर बघा. आत जळून खड्डा पडलेला असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर कपाटात ठेवा तो उन्हापासून दूर, नाहीतर नळी पुन्हा हिरवटायला लागेल.