कोयता उचलण्याआधी एक सकाळ

भगिनींनो, दसरा जवळ आला की बीड-धाराशिवकडच्या गावांत मुकादमाची उचल घरात येते आणि तवा, पीठ, लेकरे ट्रॅक्टरवर चढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस अंग टाकले की खाडा, पैसे कापले. मग अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, हे बाईने सांगायचे कोणाला? सांगितले तर ऐकावे लागते, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका."

या भीतीपायी किती पिशव्या गेल्या! २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. खरोखर कॅन्सरची शंका असेल, तर आधी तपासणी हवी, चाकू नंतर.

तुमच्या आशाताई तिशीपुढच्या बायकांना आरोग्य केंद्रावर बोलावतात, ते याचसाठी. तिथे पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून मिनिटभर थांबतात. पेशी बदलल्या असतील तिथे पांढरा डाग उठतो. सुई नाही, भूल नाही. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. डागाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. तेवढा भाग गोठवून टाकला की बरेचदा काम भागते, पिशवी जागच्या जागी राहते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट करून हे पडताळले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: दर दोन वर्षांनी तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

लाज वाटते म्हणता? जावेला, नाहीतर शेजारणीला बरोबर घ्या. पाळीचे दिवस सोडून एक सकाळ काढा, तीही गाडी भरण्याआधी, कारण तळावरून खाडा करून कोण सोडणार? आणि तपासणीचा कागद उचलीच्या हिशेबाबरोबर जपून न्या. कारखान्याकडच्या गावातली सेविका तुम्हाला ओळखत नसते, तो कागद तिला दाखवा.