वाळूची पिशवी काढून घेतल्यावर

“शूटर्स, तयारीची वेळ सुरू!” लाल टोपीवाला शिक्षक ओरडतो आणि गवतावर अंथरलेल्या जुन्या गालिच्यांवर वीसेक माणसं पालथी पडतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या रॉड अँड गन क्लबची ही रेंज. समोर पंचवीस मीटरवर लाकडी चौकटींना कागदी निशाणं ठोकलेली आहेत. त्यांच्यामागं मातीचा उंच बांध, आणि बांधावर पिवळ्या गोल्डनरॉडचं रान माजलेलं. सप्टेंबरातली शनिवारची सकाळ आहे, पण ऊन आत्ताच पाठीला चटका देतंय. रेषेच्या मागं घडीच्या खुर्चीत, कानांत बोळे कोंबून मी बसलोय. डावीकडून सहाव्या गालिच्यावर माझा भाचा पालथा पडलाय आणि रायफलीचा पट्टा दंडाला आवळतोय.

भाचा आमचा कोल्हापूरचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला पिट्सबर्गजवळ. ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं गेल्या वर्षी त्यानं शिकारीचा परवाना काढला. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की एकतर चोरटी, नाहीतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या संस्थानिकाच्या फोटोतली. इथं तो रीतसर हिशेबाचा मामला आहे. परवान्याबरोबर शिंगवाल्या हरणाचा एकच टॅग मिळतो, मारलं की तो लावायचा, आणि पुढच्या वर्षापर्यंत दुसरा नाही. माझ्या बहिणीला यातलं काहीच पटलेलं नाही. “फोन केला तर म्हणतो, आई हळू बोल, झाडावर बसलोय,” ही तिची कायमची तक्रार.

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा असतो, तो त्यानं केला. कोर्स चांगलाच आहे. भरलेली बंदूक घेऊन कुंपण का ओलांडू नये, डोक्यावर आणि छाती-पाठीवर मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी का हवं, हरणाच्या मागं काय आहे ते दिसल्याशिवाय चाप का ओढू नये, हे सगळं त्यात येतं. तुला नेम धरता येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. मग त्यानं .308ची नवी रायफल घेतली, वर दुर्बीण बसवली, रेंजवरच्या टेबलाशी बसून वाळूच्या पिशव्यांवर ती टेकवली आणि शंभर यार्डांवर तीन भोकं इंचभरात पाडली. गडी खूश. ती भोकं रायफलीच्या लायकीची होती, त्याच्या नव्हे, हे त्याला डिसेंबरात रानात कळलं.

सत्तर यार्डांवर हरीण आडवं उभं, हा ओकच्या झाडाशेजारी उभा, आणि दुर्बिणीतली फुली हरणाच्या खांद्यावरून पोटावर, पोटावरून झाडावर भटकतेय. त्यानं रायफल खाली घेतली. त्यानं सांगितलेल्या शिकारीच्या गोष्टींत मला हीच सगळ्यात आवडते.

मग शिकवणाऱ्याचा शोध. जवळपासचे बहुतेक वर्ग पिस्तुलाचे, घरात चोर शिरला तर काय करायचं या थाटाचे. लांब पल्ल्याच्या रायफलीच्या शाळा आहेत, पण बऱ्याच दूर आणि खिशाला कात्री लावणाऱ्या. क्लबातल्या जुन्या खोडांचा सल्ला एकच: अजून काडतुसं उडव. चुकीची सवय हजार वेळा गिरवली तर ती पक्की होते, हे त्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार! शेवटी बंदुकीच्या दुकानातल्या एका विक्रेत्यानं त्याला प्रोजेक्ट ॲपलसीडचं नाव सांगितलं. 2006पासून चाललेलं हे रायफल शिकवण्याचं काम. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, शिबिर शनिवार-रविवारचं, आणि मोठी रायफल नको, साधी .22 पुरे. भाच्यानं रुगर 10/22 एका मित्राकडून मागून आणलीय.

“मामा, तू नुसता बघत बस, कंटाळशील,” असं तो गाडीत म्हणाला होता. कंटाळा कसला!

रेषेवर शिस्त कडक आहे. रायफल जमिनीवर असताना मॅगझीन बाहेर, बोल्ट मागं अडकवलेला, सेफ्टी लावलेली, आणि चेंबरमध्ये प्लॅस्टिकची रंगीत पट्टी, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनही दिसावं. “लाइन इज सेफ” हा पुकारा होईपर्यंत निशाणाच्या दिशेनं एक पाऊल टाकायचं नाही. “लोड” म्हणेपर्यंत भरायची नाही. “सीज फायर” मात्र कुणीही ओरडू शकतं, आजोबांबरोबर आलेली एक शाळकरी मुलगीसुद्धा. ती ओरडली की सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

आता लाल टोपीवाला भाच्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलाय. मॅगझीन तो स्वतः भरतो, पाठ करून. खऱ्या काडतुसांत एखाददुसरं नकली घालतो. भाचा चाप ओढतो. फट्. पुन्हा ओढतो. फट्. तिसऱ्यांदा नुसतं टिक् होतं, आणि त्या टिकला नळी खाली झुकते, खांदा पुढं येतो, डोळा मिटतो. स्फोट झालेलाच नाही, तरी अंगानं तो गृहीत धरला. .308च्या धक्क्यांनी वर्षभरात शिकवलेला हा धडा वाळूच्या पिशवीनं झाकून ठेवला होता. लाल टोपीवाला काही बोलत नाही, नुसता बघतो. भाचा कानापर्यंत लाल होऊन हसतो. शेजारची ती शाळकरी मुलगी टिकला ढिम्म हलत नाही. तिला मोठ्या बंदुकीनं अजून बिघडवलेलं नाही.

यानंतरचं जे बघायला मिळतं, त्याच्यासाठी मी परत एवढा प्रवास करीन. “डोळे मिट,” लाल टोपीवाला सांगतो. “श्वास घे, सोड. आता उघड. कुठं आहे नेम?” नळीच्या टोकावरची माशी निशाणाच्या डावीकडे गेलेली आहे. भाच्याचा हात तिला उजवीकडे ढकलायला जातो, तेवढ्यात दोन बोटं त्याच्या मनगटावर येतात. “हातानं नको. हात थकतो, आणि थकला की गोळी पुन्हा डावीकडे जाते. डावं कोपर तिथंच रोवून ठेव, कंबर आणि पाय डावीकडे सरकव.” भाचा पोटावर सरकतो, बोटभरच. पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा श्वास. उघडतो तर माशी निशाणावर आपसूक येऊन बसलेली. दंडावरच्या पट्ट्यानं रायफल बांधून धरलीय, कोपर हाडावर टेकलंय, स्नायूंना कामच उरलेलं नाही. पाच गोळ्या, प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी, चाप हळूहळू मागं घेत, आणि गोळी सुटल्यावरही चाप तसाच दाबून धरत.

लाइन सेफ झाल्यावर आम्ही निशाणाशी जातो. सकाळचा पहिला कागद शेजारीच टांगलेला आहे, त्यावरची भोकं शिडीसारखी एकाखाली एक. श्वास चालू असताना गोळ्या सोडल्या की छाती नळीला वर-खाली हलवते, त्याचा हा आलेख. आत्ताची पाच भोकं एक इंचाच्या चौकोनात मावतात. इथं कागद वाचायला शिकवतात, ही या शिबिराची खरी कमाई. कुणी “छान” किंवा “वाईट” म्हणत नाही, नुसतं कागदावर बोट ठेवून काय झालं ते दाखवतात.

हिशेब सोपा आहे. एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर साधारण इंचभर होतो आणि पंचवीस मीटरवर पाव इंच. पंचवीस मीटरवरचा एक इंच शंभर यार्डांवर चार इंच होतो, दोनशेवर आठ. हरणाच्या पुढच्या खांद्यामागं हृदय-फुप्फुसाचा जो भाग आहे, त्याचा व्यास साधारण आठ इंच धरतात. त्याच्या बाहेर, पोटात गोळी लागली तर ते जनावर लांब पळून जातं आणि तासन् तास मरत राहतं. वारा आणि गोळीची घसरण पंचवीस मीटरवर कळत नाही, ती वेगळी शिकावी लागते. तरी स्वतःचं माप काढायला एवढं पुरतं.

दुपारी झाडाखाली डबे उघडतात आणि गोष्टी सुरू होतात. ॲपलसीडचा अर्धा जीव 19 एप्रिल 1775 या तारखेत आहे, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या, लेक्सिंग्टन आणि काँकर्डच्या लढाईत. आत्ता सॅम्युएल व्हिटमोरची कथा चाललीय. ऐंशीच्या घरातला शेतकरी त्या दिवशी इंग्रज पलटणीवर एकटा धावून गेला, गोळी खाल्ली, संगिनी खाल्ल्या आणि तरी 1793पर्यंत जगला. सांगणारा रंगून सांगतो. त्या दिवशी बहुतेकांच्या हातात रायफली नव्हत्याच, गुळगुळीत नळीच्या मस्केट होत्या आणि त्यांचा नेम यथातथाच होता, हे माझ्या ओठांवर येतं. पण परक्याच्या पोवाड्यात टाळ कशाला वाजवा!

दुपारच्या उन्हात मांडी घालून आणि उभ्यानं नेमबाजी. रेषेवरच्या एका निवृत्त पोस्टमनला गुडघ्यांमुळं मांडी घालता येत नाही, त्याला एका गुडघ्यावर बसवून देतात. निजून, बसून, उभ्यानं, हे ऐकताना मला आमचा स्वप्नील कुसाळे आठवतो. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याचं कांस्य थ्री पोझिशन्समधलंच, फक्त तिथं बसण्याऐवजी गुडघ्यावर, आणि तिथली काडतुसंही .22चीच. उभं राहिल्यावर मात्र भाच्याची सकाळची ऐट उतरते. नळीचं टोक हवेत इंग्रजी आठ काढतंय. भोकं कागदभर.

रविवारी दुपारी परीक्षा. चाळीस गोळ्या, अडीचशे गुण. उभ्यानं दहा, दोन मिनिटांत. बसून दहा, पंचावन्न सेकंदांत, मधे मॅगझीन बदलून. निजून दहा, पासष्ट सेकंदांत. शेवटी निजून सावकाश दहा, त्यांचे गुण दुप्पट. 210 मिळाले तर ‘रायफलमन’चा बिल्ला. भाच्याला 163. शाळकरी मुलीला बिल्ला मिळतो, पोस्टमन टाळ्या वाजवतो.

भाचा गाडीच्या बॉनेटवर कागद पसरतो आणि माझं पेन मागून घेतो. निजून एक इंच: दोनशे यार्ड. पण रानात गवत आणि झुडपं आडवी येतात, आणि झाडावरच्या मचाणात तर निजायची सोयच नाही. बसून दोन इंच: शंभर यार्ड. उभ्यानं पाच इंच. तो आकडेमोड करतो, पुन्हा करतो. चाळीस यार्ड.

“म्हणजे मामा, गेल्या वर्षीचं ते...”

“सत्तरवर होतं,” मी म्हणतो.

मी काही हरीण मारणार नाही, मला ते जमायचं नाही. पण मारायचं ठरवलेल्यानं ते नीट मारावं, आणि नीट जमणार नसेल तर चाप ओढू नये, हे मला पुरतं पटतं. पेनसिल्व्हेनियात रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. तुमचा कुणी मुलगा, भाचा, जावई तिकडे परवाना काढायच्या बेतात असेल, तर मोठी रायफल घेण्याआधी त्याला .22 घेऊन अशा एखाद्या शिबिराला पाठवा, आणि हंगामाच्या तोंडावर नको, सप्टेंबरातच पाठवा.