खात्री संपली, कापड उरलं

अमेरिकेत लष्करी डिस्पोजलचा माल विकणाऱ्या दुकानांतून एक पॅराशूट वर्षानुवर्षं स्वस्तात विकलं गेलं आहे. त्याचं नाव सी-९. लढाऊ विमान कोसळायला लागलं, वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला, की त्याच्या डोक्यावर जे उघडतं त्यातलं हे एक. विकत घेणारे लोक ते अंगणात मांडव म्हणून टांगतात, जुन्या गाडीवर पांघरतात, जंगलात मुक्कामाला नेतात. ज्याच्या भरवशावर माणूस आकाशातून खाली येणार होता, त्याला मांडवाचा भाव? मग ते खराब होतं की काय?

चला, पसरून बघू.

व्यास २८ फूट. क्षेत्रफळ साधारण ६१५ चौरस फूट, म्हणजे पुण्यात एवढ्या जागेत वन बीएचके बसतो आणि त्यात चौघांचा संसार चालतो. आता सांगा, या घुमटाच्या कापडाचं वजन किती असेल? नुसत्या कापडाचं म्हणाल तर जेमतेम दोन किलो! चौरस मीटरला ३७-३८ ग्रॅम.

रंग चार: नारिंगी, पांढरा, हिरवा आणि मातकट. ही शोभा नव्हे. पॅराशूटचं काम जमिनीला पाय लागले की संपतं असं आपल्याला वाटतं. ते आखणाऱ्यांना तसं वाटलं नव्हतं. शत्रूच्या मुलखात एकटा उतरलेला वैमानिक याच कापडातून हवा तो तुकडा कापून घेणार. शोधायला आलेल्या विमानाला दिसायचं असेल तर नारिंगी. बर्फात लपायचं तर पांढरा, झाडीत हिरवा, वाळूत मातकट.

एक तुकडा उजेडासमोर धरा. बारीक चौकडी दिसेल. आपल्याकडे जर्किनं आणि गाड्यांची आवरणं 'पॅराशूटच्या कापडाची' म्हणून विकतात, त्यावरही कधीकधी अशी चौकडी असते. विणताना ठराविक अंतरावर जरा जाड धागा घातलेला असतो, उभाही आणि आडवाही. कापडाला भोक पडलं आणि फाट वाढू लागली, की ती पहिल्या जाड धाग्यापाशी अडते. याला रिपस्टॉप म्हणतात. सी-९ बनवणारे एवढ्यावर थांबले नाहीत. घुमटाच्या २८ पाकळ्या, प्रत्येक पाकळी चार तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकडा कापलेला तिरका. का? कारण फाट नेहमी धाग्याच्या दिशेनं धावते. धागेच तिरके असले तर ती सरळ वरपर्यंत जाऊच शकत नाही, वाटेत शिवणीवर जाऊन आदळते.

आणि हे कापड हवा गळू देतं, तेही मुद्दाम. पॅराशूटनं हवा अडवायची असते ना? असते, पण सगळी नाही. घट्ट कापडाचा गोल घुमट फार जोरात, झटक्यानं उघडतो आणि खाली येताना लंबकासारखा झुलत राहतो, कारण कोंडलेली हवा कधी या कडेनं निसटते, कधी त्या. कापडातूनच थोडी थोडी पाझरू दिली की झटका मऊ होतो आणि झुलणं कमी होतं. किती पाझरावी याचंही मोजमाप लष्करानं लिहून ठेवलेलं होतं.

मला सगळ्यांत थक्क करतात त्या दोऱ्या. कडेला लोंबणाऱ्या दोऱ्या मोजल्या तर २८ भरतात, पण मुळात आहेत १४. प्रत्येक दोरी माणसाला बांधलेल्या एका बाजूच्या पट्ट्यापासून निघते, पाकळ्यांमधल्या शिवणीतून घुमटावर चढते, माथ्यावरून पलीकडे उतरते आणि दुसऱ्या पट्ट्याला येऊन मिळते. एकसंध, वीस मीटरहून लांब. म्हणजे माणूस कापडाला लटकलेलाच नसतो! तो घुमटावरून गेलेल्या दोऱ्यांच्या कमानींना लटकलेला असतो, कापड फक्त हवा धरतं. एकेक दोरी ५५० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २५० किलोंचा ताण सोसेल अशी. अठ्ठावीस गुणिले अडीचशे, सात हजार किलो. नव्वद किलोंच्या माणसासाठी सात टन? कारण उघडण्याच्या क्षणी भार सगळ्या दोऱ्यांवर सारखा येत नाही, आणि झटका माणसाच्या वजनाच्या कित्येक पट असतो. तो पचवायला दोरी नुसती मजबूत असून भागत नाही, ती ताणलीही गेली पाहिजे. ही दोरी तुटण्याआधी जवळपास एक तृतीयांशानं लांबते.

हे ताणणं आलं कुठून? नायलॉनमधून. आणि नायलॉन पॅराशूटपर्यंत पोचलं ते बायकांच्या पायमोज्यांच्या वाटेनं.

१९३५ च्या फेब्रुवारीत डुपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटानं हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला. मे १९४० मध्ये नायलॉनचे लांब मोजे अमेरिकाभर विक्रीला आले तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. पॅराशूट तोवर बहुतांशी रेशमाची होती, आणि अमेरिकेला लागणारं बहुतेक रेशीम जपानमधून यायचं. १९४१ मध्ये ते बंद झालं. मग १९४२ च्या सुरुवातीला नायलॉनचा सगळा पुरवठा युद्धाकडे वळला आणि मोजे बाजारातून गायब झाले. सरकारनं वापरलेले रेशमी मोजेसुद्धा परत मागितले, तोफांच्या दारूच्या पिशव्या शिवायला. रेशीम जळून जातं आणि मागं धुमसणारा तुकडा ठेवत नाही. तोफेच्या नळीत असा तुकडा राहिला तर पुढची पिशवी भरणाऱ्याची खैर नसते.

पण नायलॉनच्या छत्रीखाली माणूस जिवंत उतरेल हे कुणी करून दाखवायचं? ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या विमानतळावर ॲडलीन ग्रे या २४ वर्षांच्या तरुणीनं लष्करी अधिकाऱ्यांसमोर उडी मारली. ती पायोनियर पॅराशूट कंपनीत कामाला होती, पॅराशूट घडी करून बांधण्याचं काम तिच्या हातचं. नायलॉनच्या पॅराशूटनं माणसानं मारलेली ही पहिली उडी.

युद्ध संपलं आणि मालाचे डोंगर उरले. मागणी एका दिवसात आटते, पण गोदामं भरलेलीच असतात. अमेरिकेनं १९४६ मध्ये अशा मालाच्या विल्हेवाटीसाठी वेगळं खातंच उघडलं. ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग होतं, ते १९४९ पर्यंत चाललं. पॅराशूटच्या पाकळ्या मात्र कुपनाशिवाय मिळू लागल्या. लांब, निमुळते त्रिकोणी तुकडे! त्यातून झगे आणि परकर बेतणाऱ्या बायकांचं भूमितीचं ज्ञान कुणी मोजलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या रूथ हेन्सिंगर यांनी १९४७ मध्ये लग्नाच्या झग्याचा घेर शिवला तो तर प्रत्यक्ष उघडलेल्या पॅराशूटचा. त्यांच्या होणाऱ्या नवऱ्याच्या बी-२९ विमानाला १९४४ मध्ये आग लागली होती आणि तो चीनमध्ये त्याच पॅराशूटनं उतरला होता. घोळाला चुण्या घालायला रूथनी पॅराशूटच्याच दोऱ्या वापरल्या. तो झगा आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

याच उरलेल्या मालातून एक अख्खा खेळ उभा राहिला. १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी जाक-आंद्रे इस्तेल यांनी हौशी लोकांसाठी पॅराशूट केंद्र काढलं, आणि पुढची काही वर्षं खेळाडूंच्या पाठीवर जे होतं ते बहुतांशी लष्करानं टाकून दिलेलंच. २८ फुटी छत्री घ्यायची आणि तिच्या मागच्या बाजूच्या पाकळ्यांतून कापड कापून टाकायचं. धडधाकट पॅराशूटला मुद्दाम भोकं! हवा त्या भोकांतून मागं सुटते, छत्री पुढं सरकते. भोकांच्या कडांना दोऱ्या लावल्या की वळवताही येते. सरळ खाली पडणारी वस्तू कात्रीच्या चार फटकाऱ्यांत वाहन झाली. त्या छत्रीला लोक 'चीपो' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं 'सस्तातली'. चीपोखाली जमिनीला टेकणं म्हणजे सहा फूट उंच भिंतीवरून उडी मारणं, आणि तरी शेकड्यांनी लोक हौसेनं तिच्यावर शिकले.

म्हणजे कापड उत्तम, दोऱ्या उत्तम, आखणी तर अफाट. मग स्वस्त का?

कारण पॅराशूटची खरी महाग गोष्ट कापड नाही, कागद आहे. छत्रीबरोबर एक नोंदपत्र फिरतं: कधी बनली, कधी तपासली, कधी घडी घातली, कुणी घातली, सही. अमेरिकी लष्करात घडी घालणाऱ्याला स्वतः पॅराशूटनं उड्या मारता यायला लागतात, आणि आपण बांधलेल्या छत्रीनं उडी मारायची तयारी कधीही ठेवावी लागते. त्यांच्या नागरी नियमांप्रमाणे कृत्रिम धाग्याचं पॅराशूट दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा बांधायचं. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याचं दर ६० दिवसांनी. (हो, नियमांत रेशीम अजून आहे.) सैनिकांच्या टी-१० छत्रीला वापराची १२ वर्षं ठरवून दिलेली होती. बारा वर्षांच्या शेवटच्या दिवशी तिच्यात काहीही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीही कापड तेच असतं. पण लष्कराची तिच्याबद्दल शपथ घ्यायची तयारी संपलेली असते. ती दुकानात येते तेव्हा नोंदपत्र बरोबर नसतं, आणि त्यानंतर ती कुणाच्या गच्चीवर उन्हात किती उन्हाळे पडून होती, ते कुणालाच ठाऊक नसतं.

ऊन नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. आम्ल तर त्याहून दगाबाज. १९८० च्या दशकात खेळाडूंच्या राखीव पॅराशूटांचं असंच एक प्रकरण उघडकीला आलं. काही छत्र्यांमध्ये लावलेल्या जाळीत आम्लाचा अंश होता, आणि घडीत जाळीला टेकलेलं नायलॉन हळूहळू कुजत होतं. दिसायला कापड नवंकोरं, पण काही छत्र्यांचं हातानंही फाटावं इतकं कमजोर! मग अमेरिकाभर घडी घालणारे लोक जाळीवर रंगद्रव्याचा थेंब टाकून पिवळा होतो का बघू लागले आणि कापड चिमट्यात धरून ताणकाट्यानं ओढू लागले. डोळ्यांनी माल पारखण्याच्या आपल्या बाजारी विद्येचा इथं काडीचा उपयोग नाही.

खात्रीची किंमत किती असते? याचं उत्तर मिळालं आहे आणि ते कलकत्त्यात मिळालं. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याला रसद विमानातूनच टाकावी लागत होती आणि पॅराशूटं पुरत नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन वेढ्यात सापडली होती. वरून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या हद्दीत पडत होता. अशा लढाईत छत्री परत मिळायची आशा नसते, ती एकदाच वापरायची वस्तू. मग रेशीम कशाला? बंगालमध्ये मुबलक काय, तर ज्यूट. कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांकडून पोत्याच्या धाग्याच्या छत्र्या करून घेतल्या आणि त्यांना नाव पडलं पॅराज्यूट. स्लिम यांनीच हिशेब लिहून ठेवला आहे: नेहमीचं पॅराशूट वीस पाऊंडांच्या वर, पॅराज्यूट एका पाऊंडाहून थोडं जास्त, आणि भरवसा नेहमीच्या पॅराशूटच्या ८५ टक्के.

जरा थांबून ते आकडे पुन्हा बघा. एका पाऊंडात ८५ टक्के. वरच्या पंधरासाठी एकोणीस पाऊंड! तांदळाच्या पोत्यासाठी ते एकोणीस पाऊंड मूर्खपणाचे, माणसासाठी अपरिहार्य. माल चांगला की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. त्याला काय टांगणार, ते कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. सी-९ मांडव म्हणून घेतलात तर जगातला सर्वांत जास्त विचार करून शिवलेला मांडव मिळतो.

फसवणूक होते ती वेगळीकडे. आज आपल्याकडे सह्याद्रीत फिरणारे लोक 'पॅराकॉर्ड' नावाची रंगीत दोरी घेतात. यातली बहुतेक दोरी कुठल्याही छत्रीवर कधी गेलेली नसते. ती उरलेला माल नव्हे, उरलेल्या मालाच्या नावावर नव्यानं बनवलेला माल. अस्सल लष्करी ५५० दोरीचं टोक कापून आवरण मागं सारलं की आत सात ते नऊ बारीक दोर दिसतात, प्रत्येक दोर तीन धाग्यांचा पीळ, आणि त्यांत बनवणाऱ्याची ओळख पटवणारा रंगीत धागाही. आवरण घासून झिजलं तरी गाभा शाबूत राहतो. आतला एखादा दोर ओढून काढला तर मासे धरता येतात, तंबू शिवता येतो. १९९७ मध्ये अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीच्या फाटलेल्या आवरणाला ठिगळं लावली तेव्हा त्यांच्याही हाताशी पॅराशूटची दोरी होती. नकली दोरीत कधी चारच दोर निघतात, तर कधी नुसता कापसासारखा पुंजका.

आणि अस्सल असली तरी तिच्यावर कड्यावरून उतरू नका. नायलॉन साधारण २६० अंशांना वितळतं, आणि नायलॉनवर नायलॉन एकाच जागी घासलं की तेवढी उष्णता बघता बघता तयार होते. पॅराशूट वाकडंतिकडं उघडलं तर दोरीच्या घासण्यानं कापडावर वितळलेले चरे उमटतात. पटत नसेल तर एक प्लॅस्टिकची केबल टाय कुठं तरी घट्ट बांधा, तिच्याखालून पॅराकॉर्ड ओवा आणि दोन्ही टोकं धरून भराभर पुढंमागं ओढा. टाय काही सेकंदांत वितळून तुटते. कड्यावर हेच होऊ शकतं, फक्त एका जागी घासली जाणारी आणि तुटणारी वस्तू तुमची दोरी असते.