पडद्यावरचं आकाश, भाग 5 : हिरवा दाब, पिवळा दाब

एअरबस ए 320 मधून प्रवास केलेल्या बहुतेकांनी तो आवाज ऐकलेला असतो. विमान गेटवरून निघायच्या बेतात असतं आणि पायाखालून, पंखांच्या जरा मागे, घुर्र-घुर्र असा आवाज थांबून थांबून येतो. शेजारचा प्रवासी दचकून एअर होस्टेसकडे बघतो. वैमानिक मंडळी त्याला भुंकणारा कुत्रा म्हणतात. इंडिगोच्या ताफ्यात याच कुळातली विमानं सर्वाधिक असल्यामुळे आपल्याकडे हा कुत्रा चांगलाच परिचयाचा आहे.

गेल्या भागात सिम्युलेटरमधलं विमान कोणत्या फायलींचं बनतं ते पाहिलं. या वेळी ते बनवणाऱ्यांकडे वळू. त्यातही पैसे न घेता, जगभर विखुरलेले, एकमेकांना कधीही न भेटलेले हौशी लोक. त्यांचं काम समजून घ्यायला हा कुत्रा फार सोयीचा आहे.

ए 320 मध्ये हायड्रॉलिक तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात: हिरवी, निळी आणि पिवळी. तिन्हींचा नेहमीचा दाब 3000 पीएसआय. हिरवीचा पंप पहिल्या इंजिनावर, पिवळीचा दुसऱ्यावर, निळीचा विजेवर चालतो. हिरवी आणि पिवळी यांच्यामध्ये पॉवर ट्रान्सफर युनिट, म्हणजे पीटीयू, बसवलेलं असतं. एका बाजूचा दाब दुसरीपेक्षा 500 पीएसआयहून जास्त खाली गेला की ते फिरू लागतं आणि जोरकस बाजूची ताकद अशक्त बाजूला देतं. गंमत अशी की तेलाचा एक थेंबही इकडचा तिकडे जात नाही, जाते ती फक्त ताकद. दोन्हींपैकी नंतरचं इंजिन सुरू होताना हे युनिट स्वतःची चाचणी घेतं, म्हणून तो आवाज हमखास तेव्हा येतो. उलट मालाचं दार उघडबंद होत असताना त्याला गप्प बसवलेलं असतं.

आता हे सिम्युलेटरमध्ये आणायचं कसं? सोपा मार्ग असा: आवाज ध्वनिमुद्रित करा आणि नंतरचं इंजिन सुरू होताना वाजवा. दहातल्या नऊ जणांना फरक कळणार नाही. कितीतरी विमानांत, विकतच्यासुद्धा, असंच काहीतरी केलेलं असतं. अवघड मार्ग म्हणजे तेलाचाच हिशेब मांडायचा. पंप किती वेगाने फिरतोय, टाकीत तेल किती, फ्लॅप सरकताना किती तेल ओढलं गेलं, हे सगळं क्षणोक्षणी मोजत राहायचं. मग आवाज कधी काढायचा हे कुणी ठरवावं लागत नाही. दोन्हींकडच्या दाबात पुरेसा फरक पडला की कुत्रा आपोआप भुंकतो. आणि उद्या कुणी पिवळी यंत्रणा मुद्दाम बिघडवली, तर पुढे काय होईल तेही वेगळं लिहून ठेवावं लागत नाही.

फ्लायबायवायर सिम्युलेशन्स या गटाने हा अवघड मार्ग धरला. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 18 ऑगस्ट 2020 ला बाजारात आलं. त्यात ए 320 निओ होतं, दिसायला देखणं, पण कॉकपिटमधली कितीतरी बटणं नुसती शोभेची. काही दिवसांतच हौशींनी दुरुस्तीला हात घातला आणि त्या प्रकल्पाचं नाव पडलं ए32एनएक्स.

हे इतक्या झपाट्याने जमलं याचं श्रेय मी उत्साहाला कमीच देईन, कारण उत्साह या छंदात पूर्वीही कमी नव्हता. खरं कारण तांत्रिक होतं. नव्या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटचे पडदे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले होते, म्हणजे वेबसाइट ज्यात बनतात त्याच भाषांत. पूर्वी गुंतागुंतीचे गेज लिहायला सी भाषा आणि सिम्युलेटरच्या आतल्या खाचाखोचा माहीत असाव्या लागत. आता दिवसा एखाद्या दुकानाचं संकेतस्थळ बनवणारा माणूस रात्री एअरबसचा पडदा दुरुस्त करू शकत होता. पुढे तेवढ्यावर भागेना. वीज, हायड्रॉलिक, केबिनमधली हवा यांचे हिशेब गटाने रस्ट भाषेत नव्याने लिहिले आणि वेबअसेम्ब्लीच्या रूपात सिम्युलेटरला जोडले. उड्डाणाचे नियमही स्वतः बांधले. साइडस्टिक पूर्ण दाबून धरली तरी विमान 67 अंशांपलीकडे कलत नाही आणि सोडली की 33 अंशांवर परत येतं, हे खऱ्या विमानाचं वागणं त्यातूनच पडद्यावर आलं.

कामाची पद्धत मात्र रुक्ष आहे. सगळा कोड गिटहबवर उघडा. कुणी बदल सुचवला की दुसरा तो ओळीओळीने वाचतो, शंका काढतो, परत पाठवतो. मग चाचणी घेणारे तो उडवून बघतात. संघात प्रोग्रॅमर असतात तसे ए 320 उडवणारे वैमानिकही असतात, आणि ‘असं होत नाही’ हे त्यांचं एक वाक्य आठवड्याचं काम पाण्यात घालू शकतं. वापरणारी मंडळी तोवर ‘पुढची आवृत्ती कधी?’ असं विचारून भंडावत असतात. फुकटच्या जेवणात मीठ कमी पडलं तर आरडाओरडा करणारे लोक या छंदातही आहेतच. प्रकल्प सुरू होऊन चार वर्षं झाली तरी आवृत्तीचा आकडा एकपर्यंत पोचला नव्हता. मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं.

जुन्या काळाशी तुलना केली की खरा फरक उमगतो. फ्लाइट सिम्युलेटर 2004 च्या जमान्यात प्रोजेक्ट ओपनस्काय नावाच्या गटाने बोइंगची सुंदर विमानं फुकट वाटली. तेव्हा बरेच हौशी जीमॅक्स या प्रोग्रॅममध्ये मॉडेल घडवत. उतरवून घेणाऱ्याच्या हाती यायची ती तयार, बंद फाइल. मूळ आराखडा कर्त्याच्या संगणकात. कर्त्याला नोकरी लागली, लग्न झालं, किंवा नुसता कंटाळा आला, की विमान तिथेच गोठायचं. रंग बदलता यायचे, आकडे थोडे हलवता यायचे, बाकी काही नाही. त्या काळच्या कितीतरी अप्रतिम विमानांची माती अशीच झाली. परवानगी कुणाकडे मागायची, हेच ठाऊक नसायचं.

ए32एनएक्सचा कोड जीपीएल 3 परवान्याखाली आहे. तो कुणीही घ्यावा, बदलावा. मात्र बदललेला कोड दुसऱ्यांना दिला तर त्याच अटींवर, उघडा द्यावा लागतो. त्यामुळे एक माणूस गेला तरी त्याचं काम जात नाही. याचा फायदा 2024 मध्ये दिसला. त्याच गटाने एअरबस ए 380 फुकट उपलब्ध करून दिलं. खऱ्या ए 380 मध्ये तेलाच्या दोनच यंत्रणा असतात आणि दाब 5000 पीएसआय, त्यामुळे आकडे आणि जोडण्या बदलाव्या लागल्या. पण पंप, झडपा आणि टाक्या यांचं गणित ए32एनएक्ससाठी लिहिलेलं तयार होतं. ते लिहिणाऱ्यांतले काही तोवर गटात उरले नसते, तरी काम अडलं नसतं.

पुढच्या आठवड्यात: याच विमानांना इंडिगोपासून एअर इंडियापर्यंतचे रंग चढवणारे लोक, आणि दुसऱ्याचं बोधचिन्ह फुकटात वापरण्याचा नाजूक प्रश्न.