पाच किलोंचा हिशेब : हौशी विमान आणि लिथियमची बॅटरी

विमान बांधणे हे प्रचंड कारखान्यांचे काम, अशी सर्वसामान्य समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तथापि जगात असे हजारो लोक आहेत, की जे घराच्या आवारात, मोटारीच्या गॅरेजात किंवा भाड्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधतात आणि त्यातून उड्डाणही करतात. अमेरिकेत या छंदाला कायद्याची मान्यता आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः केले असेल, तर त्या विमानाची नोंद ‘प्रायोगिक’ या वर्गात होते. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा मंडळींची संघटना स्थापन केली आणि १९७० पासून तिचा मोठा मेळा ऑशकॉश या गावी भरू लागला. मराठी माणसालाही हे वेड अगदीच परके नाही. मुंबईच्या कांदिवली भागात इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ मध्ये प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात चढले.

असे विमान बांधणाऱ्याचा रात्रंदिवस चाललेला झगडा एकाच शत्रूशी असतो, तो म्हणजे वजन. आसनाची गादी, रंगाचा थर, तारेची जाडी, प्रत्येक गोष्ट तो काट्यावर टाकून पाहतो. अशा माणसाला जेव्हा असे समजते, की एंजिन सुरू करणारी सुमारे सात किलोंची शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी जेमतेम दोन किलोंची लिथियमची बॅटरी बसविता येते, तेव्हा त्याला मोह न पडला तरच नवल. दोन तारा सोडवावयाच्या, पट्टा ढिला करावयाचा, जुनी बॅटरी उचलावयाची आणि नवी ठेवावयाची! काम अर्ध्या तासाचे दिसते. वस्तुतः तेथेच खरी गफलत होण्याचा संभव असतो. कारण बॅटरी बदलली, की विमानाचे चार हिशेब बदलतात. ते म्हणजे तोलाचा, विजेचा, राखीव शक्तीचा आणि आगीचा. हे चारही पुन्हा मांडल्यावाचून त्या पाच किलोंचा लाभ खरा लाभ ठरत नाही.

प्रथम ही बॅटरी मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे. शिशाची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली. शिसे जड, त्यामुळे तिचे वजन हा तिचा जन्मजात दोष आहे. उलट लिथियम हा सर्व धातूंत हलका. पाण्याच्या जवळजवळ निम्म्या घनतेचा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ‘लिथियम’ हे एका कुळाचे नाव आहे, एका बॅटरीचे नव्हे. आरंभीच्या बॅटऱ्यांत कोबाल्टचे ऑक्साइड वापरीत. ते फार तापले म्हणजे विघटित होते आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. म्हणजे आगीला लागणारा वायू आगीच्या घरातच तयार होतो. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेट वापरण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो, की तो सहजासहजी सुटत नाही. हौशी विमानांत एंजिन सुरू करण्यासाठी ज्या लिथियम बॅटऱ्या वापरल्या जातात, त्या प्रायः याच लोह-फॉस्फेट जातीच्या असतात.

याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. शिशाच्या बॅटरीत सुमारे दोन व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात व त्यांचे मिळून बारा-साडेबारा व्होल्ट होतात. लोह-फॉस्फेटचा सेल सुमारे ३.२ व्होल्टचा, असे चार जोडले म्हणजे १२.८ व्होल्ट होतात. विमानातील सारी उपकरणे ज्या दाबासाठी केलेली असतात, त्याच्याशी हा मेळ चांगला बसतो. कोबाल्ट जातीच्या सेलचे तसे नाही. तीन जोडले तर दाब कमी पडतो, चार जोडले तर अधिक होतो.

आता पहिला हिशेब तोलाचा. विमानाचा गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेच्या आतच असावा लागतो. पुष्कळ लहान विमानांत बॅटरी पुढे, एंजिनाजवळ असते आणि विमानाचा तोल साधण्यात तिचाही वाटा असतो. समजा, विमानाचे वजन ६०० किलो आहे आणि बॅटरी गुरुत्वमध्याच्या १२० सेंटिमीटर पुढे आहे. तेथून पाच किलो कमी केले, की गुरुत्वमध्य सुमारे एक सेंटिमीटर मागे सरकतो. एक सेंटिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण मागच्या आसनावर माणूस आणि त्यामागे सामान ठेवल्यावर जे विमान मुळातच मागील मर्यादेला टेकत होते, ते या एका सेंटिमीटरने मर्यादेबाहेर जाऊ शकते. शेपटीकडे जड झालेले विमान चंचल होते आणि वेग मंदावून पंखांची उचल सुटली, तर त्याचे नाक खाली घालून ते सावरणे कठीण जाते. म्हणून बॅटरी बदलल्यावर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान पुन्हा तोलणे आणि नवा आकडा नोंदवहीत लिहिणे, हे या कामाचे अंग आहे. ऐच्छिक पुरवणी नव्हे.

दुसरा हिशेब विजेचा. एंजिन चालू झाले, की अल्टरनेटर बॅटरीला पुन्हा भरू लागतो. शिशाच्या बॅटरीचा अंतर्गत विरोध अधिक असल्यामुळे ती सावकाश भरते. लिथियमच्या बॅटरीत तो फार कमी असल्यामुळे ती समोर येईल तेवढा प्रवाह ओढून घेते. बॅटरी बरीच रिकामी झालेली असेल, तर अल्टरनेटरला काही काळ आपल्या पूर्ण शक्तीने राबावे लागते व तो तापतो. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ एंजिनाचे जनित्र अवघे अडीचशे वॅटचे. म्हणजे सुमारे अठरा अँपिअरचे. अशा ठिकाणी ही ओढ जनित्राला व त्याच्या नियामकाला झेपेल की नाही, हे आधीच पाहावे लागते. यावरूनच एक नियम निघतो. बॅटरी पार उतरली असता दुसऱ्या बॅटरीच्या साहाय्याने एंजिन चालू करून लगेच उड्डाण करू नये. ती जमिनीवर योग्य चार्जरने भरून, तपासून मगच निघावे. सेलचा दाब फारच खाली गेला असेल, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो व पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. अशी बॅटरी टाकून देणे हेच शहाणपणाचे.

भरण्याच्या दाबालाही मर्यादा आहे. नियामक साधारणपणे १४ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो; नेमका आकडा बॅटरी करणाऱ्याने दिलेला पाळावा. शिशाची बॅटरी थोडा अधिक दाब सोसते. फार तर तिच्यातील पाणी वायूंत विघटित होऊन आटते. लिथियमला ही सहनशीलता नाही. तसेच पारा शून्याखाली गेला असता ती भरू नये, कारण त्या थंडीत लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचू लागते आणि सेल कायमचा बिघडतो.

या सर्व चुकांपासून बचाव व्हावा म्हणून चांगल्या बॅटरीच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसविलेला असतो. तो चारही सेल समान ठेवतो आणि दाब फार चढला किंवा उतरला, की बॅटरीचा संबंध तोडून टाकतो. पण येथेच विमानाचे आणि मोटारीचे मार्ग वेगळे होतात. मोटारीत संबंध तुटला तर गाडी रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशात कडेला थांबण्याची सोय नाही. शिवाय अल्टरनेटर जोरात भरीत असताना बॅटरी एकाएकी अलग झाली, तर दाबाची जी उसळी येते, ती रेडिओ आणि इतर नाजूक उपकरणांना जाळू शकते. यास्तव केवळ बॅटरीच्या पहारेकऱ्यावर विसंबून चालत नाही. दाब मर्यादेपलीकडे चढताच, बॅटरी अलग होण्यापूर्वी, अल्टरनेटरलाच बंद करणारी स्वतंत्र योजना विमानात असावी लागते आणि बॅटरीतील दोषाची सूचना देणारा लाल दिवा वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लागावा लागतो.

तिसरा हिशेब राखीव शक्तीचा. जुन्या धाटणीच्या विमान-एंजिनात ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते. बॅटरी मेली तरी एंजिन चालू राहते. अलीकडे पुष्कळ हौशी विमानांत ठिणगी आणि इंधनाचा पुरवठा दोन्ही इलेक्ट्रॉनिक असतात. तेथे वीज संपली, की एंजिन थांबले. अशा विमानात अल्टरनेटर बंद पडल्यापासून धावपट्टी गाठेपर्यंतचा वेळ बॅटरीत साठलेला असला पाहिजे. काही बॅटऱ्यांवर ‘शिशाच्या पंधरा अँपिअर-तासांच्या तोडीची’ अशा अर्थाचा मजकूर असतो. ही तुलना स्टार्टर फिरविण्याच्या जोरापुरती असते. प्रत्यक्ष साठा त्याच्या तृतीयांशच असू शकतो. साठा पाच अँपिअर-तासांचा आणि आवश्यक उपकरणांची गरज दहा अँपिअरची असेल, तर हाती फार तर अर्धा तास उरतो. त्यातच लोह-फॉस्फेटचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे व्होल्टमापकाचा काटा पाहून किती वीज उरली याचा अंदाज येत नाही. म्हणून खरा साठा किती हे विचारून घ्यावे, घड्याळ लावून जमिनीवर तो अजमावून पाहावा आणि एंजिन विजेवर अवलंबून असेल तर दुसरी लहान बॅटरी वेगळी ठेवावी.

चौथा हिशेब आगीचा, आणि तो सर्वांत गंभीर. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानात कोबाल्ट जातीची लिथियम बॅटरी पेटली. पुढे नऊच दिवसांनी दुसऱ्या जपानी कंपनीचे त्याच जातीचे विमान बॅटरीतून धूर निघू लागल्यामुळे ताकामात्सु येथे उतरविण्यात आले आणि अशी सर्व विमाने जमिनीवर थांबविण्यात आली. एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊन त्याची उष्णता शेजारच्या सेलांत पसरत गेली, असा बोस्टनच्या घटनेच्या तपासाचा निष्कर्ष होता. एप्रिल २०१३ मध्ये विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा बॅटरीभोवती पोलादाची भक्कम पेटी आली होती आणि आतील वायू थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसविली गेली होती.

लोह-फॉस्फेट तुलनेने शांत स्वभावाचे असले, तरी ते अग्निरोधक नव्हे. त्यातील द्रव ज्वलनशील असतो आणि तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतात. लहानशा विमानात वैमानिकाच्या पाठीमागे असा धूर कोंडला, तर त्याला पाहणे आणि श्वास घेणे दोन्ही अशक्य होईल. म्हणून बॅटरी आसनांच्या बाजूस असेल, तर ती धातूच्या पेटीत ठेवून तिचे तोंड नळीने बाहेर काढावे. एंजिनाच्या बाजूस असेल, तर तिला धुराड्याच्या उष्णतेपासून आड करून थंड हवेचा झोत द्यावा. तारा ताणलेल्या नसाव्यात, टर्मिनल झाकलेले असावेत आणि पाना हाती घेण्यापूर्वी ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. कारण या बॅटरीतून एका क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात.

कारखान्यात बनलेल्या विमानात हे सर्व हिशेब अभियंत्यांनी केलेले असतात आणि सरकारी तज्ज्ञांनी ते तपासलेले असतात. हौशी विमानात बांधणारा हाच अभियंता, तोच मिस्त्री आणि पुष्कळदा तोच वैमानिक. त्याच्या शेजारच्या आसनावर बसणारा मित्र, पत्नी किंवा मुलगा हा मात्र विश्वासाने बसलेला असतो. त्याला व्होल्ट आणि अँपिअर ठाऊक नसतात. लिथियमची बॅटरी वाईट नाही. योग्य प्रकारे बसविलेली ती हजारो विमानांत निमूटपणे आपले काम करीत आहे. केवळ ती अर्ध्या तासाचे काम नव्हे, एवढे ओळखले पाहिजे. ज्याने चारही हिशेब मांडले, त्याला पाच किलोंची बचत खुशाल घेता येईल. ज्याला ते मांडण्यास सवड नाही, त्याने जुन्या शिशाचे ओझे आणखी काही दिवस वाहिले, तर त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.