परभणी क्रांती आणि परागनलिकेची वाट

भेंडीचे ‘परभणी क्रांती’ हे वाण परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांच्या संशोधनातून १९८०च्या दशकात तयार झाले. पांढरी माशी ज्याचा प्रसार करते त्या केवडा रोगाने पानांच्या शिरा पिवळ्या पडत, फळे फिकट निघत आणि ‘पुसा सावनी’सारखे लोकप्रिय वाणही या रोगापुढे टिकेनासे झाले होते, म्हणून केवड्याला दाद न देणाऱ्या रानभेंडीशी पुसा सावनीचा संकर करण्यात आला. या वाणाचे नाव रोगप्रतिकारासाठी घेतले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु त्याआधी रानभेंडीच्या परागकणाला परक्या फुलात जी वाट काढावी लागली, तीही तितकीच जाणून घेण्याजोगी आहे.

भेंडी ही कपाशी आणि जास्वंदीच्या कुळातली. तिचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. पुंकेसरांची नळी मधल्या दांड्याला, म्हणजे कुक्षीवृंताला, वेढून असते आणि तिच्या वर गर्द तांबड्या, मखमली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे भाग, डोकावतात. संकर करणारा आदल्या दिवशी न उमललेल्या कळीतील पुंकेसर काढून टाकतो, कळीवर पिशवी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या नराचे पराग कुक्षीवर लावतो. माणसाचे काम येथे संपते. पुढे अंडाशयातील बीजांडांपर्यंत परागकणांनाच पोहोचावे लागते, आणि फळात जितक्या बिया धरायच्या तितक्या परागनलिका आत जाव्या लागतात.

परागनलिका म्हणजे परागकणातून फुटणारी अतिसूक्ष्म नळी होय. कुक्षीवरील ओलावा शोषून कण फुगतो आणि त्यातून ही नळी बाहेर पडते. तिची वाढ केवळ टोकाशी होते. पेशीच्या आत तयार झालेले पेक्टिन बारीक पिशव्यांतून टोकाकडे येते व तेथील भित्तिकेत मिसळते. टोकावरचे हे पेक्टिन मऊ असते, तर मागच्या बाजूचे कॅल्शियमशी बांधले जाऊन ताठर होते, त्यामुळे आतला दाब नळीला आडवी न फुगवता पुढेच रेटतो. टोकाच्या आतील कॅल्शियमचे प्रमाण लयीत वर-खाली होत राहते आणि त्या लयीनुसार वाढीचा वेगही कमी-जास्त होतो. मागे पडत गेलेल्या भागात कॅलोज नावाच्या पदार्थाची बुचे बसत जातात, म्हणजे सजीव द्रव्य आणि त्यातील दोन नरपेशी नेहमी पुढच्या भागात राहतात. शेवाळ्यांच्या आणि नेच्यांच्या नरपेशी पाण्यात पोहून जातात, सपुष्प वनस्पतींच्या मात्र स्वतः हलू शकत नाहीत. त्यांना वाहून नेणे हेच नलिकेचे काम. मक्याच्या कणसाच्या लांब केसांतून ती तासाला सुमारे एक सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते.

ही नळी प्रथम पाहिली ती इटलीच्या जोव्हान्नी बातिस्ता अमिची यांनी, १८२४ मध्ये, आणि तीही घोळीच्या फुलात, म्हणजे मराठवाड्यात भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या त्याच घोळीच्या. परंतु अंधाऱ्या ऊतीतून जाणाऱ्या नळीला बीजांडाचे इवलेसे द्वार सापडते कसे, हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने तोरेनिया या शोभेच्या झाडात लेसरने बीजांडातील एकेक पेशी नष्ट करून पाहिली आणि २००१ मध्ये दाखवून दिले की, अंडपेशीशेजारच्या दोन सहाय्यक पेशी नसतील तर नळी आकर्षित होत नाही. याच पेशी ‘ल्युअर’ नावाची लहान प्रथिने स्रवतात, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. नळी बीजांडात शिरल्यावर एका सहाय्यक पेशीत फुटते; एक नरपेशी अंडपेशीशी आणि दुसरी मध्यवर्ती पेशीशी एकरूप होऊन अनुक्रमे भ्रूण व त्याला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. यालाच द्विफलन म्हणतात. पहिल्या नळीकडून फलन झाले नाही, तर उरलेली सहाय्यक पेशी दुसऱ्या नळीला बोलावते, ही या व्यवस्थेतली सर्वांत विलक्षण बाब म्हणावी लागेल.

या आकर्षणाला बहुधा आपल्याच प्रजातीची नळी अधिक प्रतिसाद देते, म्हणून दूरच्या संकरात नळी बीजांडाजवळ पोहोचूनही भरकटू शकते; काही वेळा तर ती त्याआधीच कुक्षीवर अडते किंवा मध्येच थांबते. भेंडी व रानभेंडी यांच्यात हा अडसर ओलांडला गेला, पण संकरित झाडांत मोठा वांझपणा आला. हा वांझपणा दूर करण्यासाठी गुणसूत्रे दुप्पट करण्याचा प्रयोगही परभणीत झाला, तर क्रांती वाणाची वाट मात्र पुसा सावनीशी पुन्हा केलेल्या संकरातून गेली. जांभळे-नेरकर यांच्या १९८१ च्या अभ्यासात प्रतिकार एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे आढळले होते, त्यामुळे पुढच्या पिढ्यांतून निवड करणे शक्य झाले.

एखादा संकर जमत नसेल तर अडथळा कोठे आहे हे शोधण्याचा साधा मार्ग आजही तोच आहे: कुक्षीवृंत अॅनिलीन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कारण त्या रंगामुळे नळीतील कॅलोज चमकते आणि नळी नेमकी कोठे थांबली ते दिसते. ती कुक्षीवरच थांबली असेल तर कुक्षीवृंत छाटून परागण करता येते, आणि फलन होऊनही भ्रूण वाढत नसेल तर तो काढून पोषक माध्यमात वाढवावा लागतो. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या गटाने १९६२ मध्ये अफूच्या बीजांडांवर थेट पराग टाकून परीक्षानळीतच फलन घडवले, तेव्हा कुक्षी व कुक्षीवृंत हा सारा मार्गच वगळला गेला होता.