शॉक बसतो, तरी एमसीबी का पडत नाही?

बोईसर स्टेशनवरून चिल्हार फाट्याकडे निघालं की बेटेगाव लागतं. तारापूर एमआयडीसीत कामाला येणारे अनेक जण या पट्ट्यातल्या चाळींत आणि नव्या इमारतींत भाड्याने राहतात. खोली बघताना भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येतं, हे सगळं विचारलं जातं. विजेचं विचारलंच तर एवढंच, "मीटर वेगळा आहे ना?" दाराजवळच्या बोर्डात एक एमसीबी दिसला की वायरिंग सेफ आहे असं समजून सामान आत येतं.

गडबड इथेच आहे. एमसीबी माणसाला वाचवायला बनवलेलाच नाही. तो वायरला वाचवतो.

एमसीबी करतो काय?

पूर्वी घरोघरी पांढऱ्या चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असायचा. जास्त करंट गेला की त्यातली बारीक तार वितळायची आणि लाईट जायची. मग कोणीतरी वैतागून तिथे जाड तांब्याची तार गुंडाळायचं आणि फ्यूजचा उपयोगच संपायचा. एमसीबीत ही सोय नाही. जर्मनीत ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्यात दोन यंत्रणा असतात. बराच वेळ जास्त लोड राहिला की दोन धातूंची एक पट्टी तापून वाकते आणि स्विच पाडते. शॉर्ट सर्किट झालं तर कॉइलचं चुंबक तो क्षणात खाली ओढतं. दोन्हींचा हेतू एकच, वायर तापून आग लागू नये.

आता शॉकचं गणित

ओल्या अंगाच्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या शरीरातून ०.२३ अँपिअर करंट जातो. खोलीतला एमसीबी १६ अँपिअरचा. पाणी तापवायची १,५०० वॅटची रॉडच साडेसहा अँपिअर घेते आणि त्यावर तो हलत नाही. ०.२३ अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाही. माणूस चिकटून राहिला तरी एमसीबीच्या दृष्टीने घरात एक छोटासा बल्ब लागला आहे, एवढंच.

माणसासाठी मात्र हा आकडा जीवघेणा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की किती करंटला हाताची पकड सोडवता येत नाही. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. म्हणजे ०.२३ अँपिअरच्या कितीतरी खाली.

आरसीसीबी काय वेगळं बघतो?

दुकानात अजूनही याला 'ईएलसीबी'च म्हणतात. आरसीसीबी करंट किती जास्त आहे हे बघत नाही, तो हिशेब जुळतोय का ते बघतो. फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला, तर उरलेला कुठूनतरी जमिनीत जातोय. कदाचित ओल्या भिंतीतून, कदाचित कोणाच्या तरी हातापायांतून. ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तो मेन तोडतो. मोठ्या गळतीला यासाठी सेकंदाचा अगदी छोटा अंश लागतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे सात वॅटच्या एलईडी बल्बला लागतो साधारण तेवढा करंट.

शॉक तरीही बसतो, पण जीव जाण्याआधी वीज तुटते. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, पाय जमिनीपासून तुटलेले असले, तर हिशेब जुळतो आणि आरसीसीबीही गप्प बसतो. शिवाय ओव्हरलोड झाला तर तो पडत नाही. त्यामुळे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात, किंवा दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ.

तिसरं भोक कशाला?

थ्री-पिनचं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. अनेक भाड्याच्या खोल्यांत त्यामागे वायरच नसते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तिथे न्यूट्रलचाच तुकडा जोडलेला असतो. बाहेर न्यूट्रल तुटला तर फ्रिज, वॉशिंग मशिन यांच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

चांगलं अर्थिंग हवंच, पण ते एकटं पुरत नाही. घराशेजारी पुरलेल्या रॉडचा रोध १० ओहम असला, तर पत्र्यावर फेज आल्यावर २३ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढ्यावर पडायला कित्येक मिनिटं लागू शकतात. तोवर पत्रा 'जिवंत'च. आरसीसीबी असेल तर कोणी हात लावण्याआधीच लाईट जाते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनीच घरगुती जोडण्यांसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली. पण कमी भाराच्या जोडण्यांना त्यात सूट होती. एक पंखा, दोन बल्ब, टीव्ही आणि फ्रिज, म्हणजे चाळीतली खोली नेमकी सुटीच्या बाजूला पडते. ओल्या भिंती, बाहेरचा सामाईक नळ आणि लोखंडी तारेवर वाळत घातलेले कपडे मात्र तिथेच जास्त.

चांगल्या कंपनीचा टू-पोल आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. खोली घेताना बोर्डात 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे का ते पाहा. ते दाबल्यावर लाईट गेली तर आरसीसीबी चालू आहे. महिन्यातून एकदा दाबत राहा. पावसाळ्यात तो सारखा पडायला लागला की वायरमनला सांगून काढून टाकण्याची एक पद्धत आहे. खरं तर तेव्हा तो कुठे गळती आहे हेच सांगत असतो. एकेक उपकरण काढून पाहिलं की ती सापडते, नाहीतर दोष वायरिंगमध्ये असतो.

मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, तिथे बिघाड असेल तर १९१२ वर तक्रार करता येते. मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं, आणि ते परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. कोणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं, तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. म्हणून तो कुठे आहे, हे सामान आत नेण्याआधीच घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.